डाव्या पायातलं कडं

चाची, मी आता इंडियाकून बास्केटबॉल खेळतो. बास्केटबॉल काय असते ते तुले माईत नाही, मलेबी लहानपनी माईत नव्हतं. सांगतो. एक मोठं मैदान असते, दोन्ही टोकाले उंचावर लाकडाचा फळा, फळ्याले लोखंडी रिंग अन रिंगले जाळी. पाच गडी आमचे, पाच त्यायचे. बॉल रिंगमधून खाली पाडला का पॉइंट. त्या पाचांत जो सर्वात लंबा असते तो सेंटर. त्यानं रिंगखालीच राहाचं, धक्के खाचे, वरतून येल्ला बॉल धराचा अन पुन्हा वर टाकाचा. मी सेंटर हावो. आंगनात वाळू घातलेल्या गाद्यायच्या खोळी दोरीवरून काढाले तू मले हाक मारे ना, तसंच काम हाये हे. फक्त आता चारी बाजूनं हजार लोक बसून पाह्यत राह्यतात, अन मले अजूनबी कोनी पाह्यलं का हात कोठी ठेवू ते समजत नाही.

माहं अन तुहं काय नातं होतं ते मले कोनी बसवून कधी सांगतलं नाही. आईकून तुकड्यातुकड्यानं ऐकलं. माह्या आधीचे आईचे दोन लेकरं गेले. म्हनून मी झालो तसा आईनं मले आपल्या दोन घरांच्या मधल्या भितीवरून तुह्या हातात देलं, अन तू भितीवरूनच सूपभर जवार आईच्या हातात देली. लेकरू विकलं. आता ज्याले न्याचं असन त्यानं पाहावं, हे त्या घरचं नाही, पिंजाऱ्याचं हाये. दूध आईचं प्यालो, झोपलो आईजवळ, पन व्यवहारानं मी तुहा झालो. वळख म्हनून तू डाव्या पायात लोखंडाचं कडं घातलं, दोन टोकं उघडे असलेलं. बारा वर्षांचा झालो का आई सूपभर जवार तुले परत करन अन तू आपल्या हातानं कडं काढशीन, असं तुमचं दोघींचं ठरलं होतं. दर मोहरमले, सवारी उठाच्या दिवशी, तू मले चुलीपाशी बसवे, पाय मांडीवर घे अन चाचाच्या पक्कडीनं कड्याचे टोकं उलीसक फाकवे, पाय वाढला तेवढंच. मंग शरबताचा गिलास देये. कडं चावलं का म्हनून इचारे. मी नाही म्हनो.

तुह्या शेवटच्या मोहरमचा दिवस मले आजबी दिसते. चूल फुकून तुहे डोये लाल झालेत, चाचाच्या कापूस पिंजाच्या धनुकलीचा आवाज बाहेरून येऊन राह्यला, केसायवर तुह्या कापूस बसला हाये. मी दारातून आत येतो तो वाकून येतो. गल्लीतले पोट्टे मले ऊंट म्हनत, बिजलीचा खांब म्हनत, अन आई म्हने वाकून चाल रे बाप्पा, नजर लागन. म्हनून मले वाकाची सवयच पडलती, दार नसलं तरी वाको. तू फुकनी खाली ठेवली, उठली अन माह्या पाठीत एक मूठ ठेवून देली. म्हनली, "सीधा चल. मैंने झुका हुआ लड़का नहीं खरीदा." मले लागलं नाही, पन रडू आलं, कारन आई वाक म्हनते अन तू सरळ चाल म्हनते, मंग मानसानं कराचं काय. तू हासली अन पदरानं माहं नाक पुसलं. म्हनली, घराच्या आत माह्यासारखं चालत जा, बाहेर आईसारखं.

त्याच वर्षी तुले ताप आला. मी अकरा वर्षांचा होतो. तुमच्या घरात बाया बसल्या होत्या, म्हनून मले कोनी आत जाऊ देलं नाही. भितीवरून पाह्यलं तर नुसत्या चपला दिसल्या. तू गेल्याले चाळीस दिवस झाल्यावर चाचानं धनुकली खुट्टीले टांगली, घराले कुलूप लावलं अन तुह्या लेकीसंगं, आपासंगं, उमरखेडले तिच्या सासरी गेला. दोन वर्षानं तोबी तुह्याकडं आला. मधात मले बारा वर्ष पुरे झाले. आई काही बोलली नाही. मीबी इचारलं नाही, मी काही इचारतच नसो. आंघोळीच्या वक्ती आई कड्याखाली खोबऱ्याचं तेल सोडे, बोटानं कडं उलीसं फिरवे अन दुसरीकडं पाहे. पुढं पुढं ते फिरे ना.

शाळा मी सातवीत सोडली. बाकात पाय मावत नव्हते, मास्तर मले मागच्या भितीपाशी उभंच ठेवत, अन उभ्या पोराले सारेच पाह्यतात. बाबा जिनिंगात होते, मीबी तठीच लागलो. रुईची गाठ बांधाच्या आधी पेटीत उतरून रुई पायानं तुडवा लागते, तेच माहं काम. पेटीत कोनी दिसत नाही, म्हनून मले आवडे. संध्याकाळी घरी येताना एका मैदानात पोट्टे बास्केटबॉल खेळत. मी लांबून पाहो. एक दिवस बॉल रिंग अन फळ्याच्या मधात फसला. त्यायनं चपला फेकल्या, एक जन दुसऱ्याच्या खांद्यावर चढला अन दोघंबी पडले. मी गेलो, उलीशी उडी मारली, बॉल काढून त्यायच्या हाती देला अन निघालो. मागून त्यायच्या सरनं हाक मारली. मले वाटलं काही चुकलं, म्हनून जोरानं चालाले लागलो. सर सायकल घेऊन मागं आले, माह्या आंगावरची रुई पाह्यली. म्हनले, "लेका, पयतं कायले? उद्या ये. रुई कोठी जात नाही."

सरनंच मले सारं शिकवलं. पन एक गोष्ट त्यायनं शिकवली नाही, अन ते लोकायले सांगत का हे पोट्टं आईच्या पोटातून शिकून आलं. बॉल हातात आला का सेंटरनं एक पाय जमिनीत रोवाचा असते, तो हलवाचा नाही, दुसरा पाय फिरवून अंगाले वळन द्याचं. मी नेहमी डावा पाय रोवो अन त्याच्यावर असा फिरो का मागचा गडी माह्या पाठीलेच पाह्यत राहे. सर म्हनत, काय पाय हाये, जसा खुंटा ठोकला. चाची, तो पाय मी हलवत नव्हतो कारन हलवला का कडं हाडाले लागे. मी त्याच्यावर कापडाची पट्टी गुंडाळून ठेवो, सारे समजत जुनी जखम हाये. माहा सारा खेळ त्या कड्याभोवती तयार झाला, बैल खुंट्याभोवती फिरते तसा.

त्याच खेळावर मी जिल्ह्याकून खेळलो, मंग महाराष्ट्राकून. मंग रेल्वेनं नोकरी देली. कागदावर मी खलाशी हावो, म्हंजे रेल्वेतला वजन उचलनारा गडी, पन सकाळी दौड, दुपारी बॉल, संध्याकाळी बॉल, असा पगार मी पयल्यांदाच पाह्यला. दुसऱ्याच वर्षी नॅशनलले आमची टीम फायनलपर्यंत गेली. तठी पंजाबकडचे गडी असतात, मनगट पाह्यलं तर आपली मांडी वाटते. त्यायच्यात रिंगखाली उभं राहून मी बॉल काढत होतो. पेपरात छापून आलं का विदर्भाचा हा लाजाळू पोरगा देशातल्या चांगल्या सेंटरायमधी मोजा लागन. आईनं तो पेपर कोन्यातरी पोराकून वाचून घेतला अन मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मंग इंडियाच्या कॅम्पचं बोलावनं आलं. सिलोनची टीम येनार होती, बारा जन निवडाचे होते, अन आमी बोलावलेले त्याहून लय जास्त.

कॅम्पात चार-पाच दिवसातच माहं बिंग फुटलं. तठचा दुसरा सेंटर एक सरदारजी होता, लय चांगला मानूस, मले छोटे म्हने, कारन तो माह्यापेक्षा वीतभर लंबा. तो दोन दिवस माह्या मागं खेळला अन तिसऱ्या दिवशी माह्या डाव्या बाजूनं आधीच जाऊन उभा राह्यला. मी फिरलो का त्याच्या छातीवर आदळो. पुन्हा फिरो, पुन्हा आदळो. सारे हासाले लागले, तोबी हासला अन म्हने, छोटे, तेरे घर का एक ही दरवाजा है क्या. कोच नाही हासले. त्यायनं मले बाजूले बसवलं, पट्टी सोडाले लावली अन डॉक्टरले बोलावलं. कडं मांसात रुतलं होतं, भवताल काळं पडलेलं. डॉक्टर म्हनले दोन मिनिटाचं काम हाये, अन अवजार काढलं. मी पाय मागं घेतला. काहून ते मले सांगता येईना. इंग्रजीत तर नाहीच, हिंदीत सांगाले गेलो तर खरेदी अन जवार एवढंच तोंडातून निघे. कोचले वाटलं मी जादूटोन्याले भेतो. ते रागावले नाहीत. म्हनले, आठ दिवस घरी जा. पाय मोकळा करून येशीन तर दोन्ही बाजूनं फिराले मी शिकवतो. नाही तर येऊ नको, पाय कायमचा जाईन अन जागा दुसऱ्या पोराले मिळन.

घरी आलो अन आईपुढं पाय ठेवला. पयल्यांदाच बोललो. म्हटलं आई, हे काढ. आईनं कड्याले बोट लावून पाह्यलं. मंग म्हनली, माह्या हातानं ते निघत नाही रे, ते तिचं हाये. ती असती तर काढलं असतं. म्हटलं, बारा वर्षांचा झालो तवाच उमरखेडले काहून नाही गेली, आपा होती ना. आई म्हनली, "कोन्या तोंडानं जाऊ? पोरीची माय गेली, मंग बाप गेला, अन मी दारात उभी राहून म्हनू का माहं लेकरू दे? तिच्या घरातून पुन्हा एक मानूस कमी करू?" मले हे कधी सुचलंच नव्हतं. मी समजत होतो आई इसरली. ती इसरली नव्हती. ती लाजून राह्यली होती, एवढे वर्ष.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं सूप काढलं, जवार निवडली, खडा पाह्यला, पुन्हा पाह्यला, अन धोतराच्या फडक्यात बांधली. यवतमाळले आर्णीवरून जानारी उमरखेडची एसटी पकडली. माहे पाय समोरच्या शीटखाली मावत नाहीत, म्हनून मधल्या रस्त्यात काढून बसतो. कंडक्टर दोनदा अडखळला अन आईले म्हनला, मावशी, पोराचं एक तिकीट अन पायायचं एक लागन. आईनं खरंच लुगड्याच्या गाठीले हात घातला. सारी गाडी हासली. मी खिडकीतून बाहेर पाह्यत राह्यलो, वावरात कापसाची पऱ्हाटी पांढरी झालती, अन मले वाटून राह्यलं आपा दार लावून घेईन.

आपानं दार उघडलं तर तुहंच तोंड, चाची, फक्त केसायवर कापूस नव्हता. तिनं मले वळखलं नाही. वळखाचं कसं, लग्न होऊन ती सासरी गेली तवा मी तिच्या खांद्याएवढा होतो. तिनं वर पाह्यलं, आनखी वर पाह्यलं, मंग खाली आईकडं अन मंग आईच्या हातातल्या फडक्याकडं. अन दारातच बसली. म्हनली, काकू, एवढ्या दिवसानं? आई म्हनली, माहं चुकलं बाई, मले येऊ वाटे ना. आपानं आईचा हात धरला अन जे सांगतलं ते मी तुले सांगतो, कारन ते तुहंच हाये. तू जाच्या आदल्या दिवशी तिले जवळ बोलावून म्हनली होती का काकू जवार घेऊन येईन, तवा कडं तू काढ, माह्या हातासारखाच तुहा हात. आपा वाट पाह्यत राह्यली. दर मोहरमले पक्कड पुसून ठेवत राह्यली. पन बोलावनं कसं धाडाचं? "मैं बुलाती तो लोग क्या कहते काकू? पिंजारी की बेटी अपनी जवार मांगने आई." म्हनून तीबी लाजून राह्यली. एक मांगाले जाऊ नये म्हनून अठी बसली, एक परत द्याले बोलावू नये म्हनून तठी बसली, अन मधात माहा पाय वाढत गेला.

दोघी रडल्या, मंग आपालेच हासू आलं. म्हनली, अन हा लंबू? याले तोंड नव्हतं काय? मी जमिनीकडं पाह्यलं. आई म्हनली, याले तोंड हाये, फक्त भाकर खाले हाये.

आपाचा नवरा ट्रकायचा मिस्त्री हाये. तो पक्कडी घेऊन आला, पाय पाह्यला अन म्हनला हे एका हाताचं काम नाही, मी काढून देतो. आपानं त्याले बाजूले सारलं. एक पक्कड तिनं धरली अन दुसरी आईपुढं केली. आईनं हात मागं घेतला, म्हनली मी कशी, ते तुमचं हाये. आपा म्हनली, "पकड़ो काकू. एक अकेली से नहीं खुलेगा, उधर तुम खींचो." मी आंगनात खाटेवर बसलेलो, पाय पाटावर. मिस्त्रीनं कड्यावर तेल सोडलं. इकडून आपानं टोक धरलं, तिकडून आईनं. दोघी ओढाले लागल्या. आपा आईले म्हने, जोर लगाओ, लड़के ने तुम्हारा ही दूध पिया है. दुखलं लय, मी खाटेची दोरी घट्ट धरली. कडं फाकलं, कातडीतून सुटलं अन पाटावर पडलं. आपानं सूप आनलं, आईनं फडकं सोडलं, जवार सुपात वतली. आपानं सूप कपाळाले लावलं अन म्हनली, काकू, तुमचा पोरगा तुमाले. कडं कोनी ठेवाचं ते दोघींलेबी समजे ना. शेवटी आपानं ठेवलं. घोट्याले चारी बाजूनं पांढरा पट्टा उमटला होता, त्याच्यावर केससुद्धा नव्हता. उठून चालाले गेलो तर पाय एवढा हलका का गुडघ्यापर्यंत उचलला गेला. मिस्त्री म्हनला, कोंबडा झाला हा तर.

जखम भरेपर्यंत दहा-बारा दिवस गेले, पन कोचनं जागा ठेवली होती. त्यायनं मले उजव्या पायावर फिराले शिकवलं. पयले तर मी लहान लेकरावानी पडो. सरदारजीच उठवे अन पुन्हा माह्या मागं उभा राहे. हळूहळू जमलं. बारा जनायची नावं वाचली त्यात माहं शेवटचं होतं. निळी बनियन देली, तिच्यावर देशाचं नाव. मी ती उशाखाली ठेवून झोपलो.

सिलोनच्या टीमसंगं मद्रासले मॅच झाली. सुरुवातीले दोन्ही टीमचे सेंटर मधात उभे राह्यतात, पंच बॉल वर फेकते, जो आधी हात लावन त्याचा. पयल्या उडीले मी एवढ्या लवकर वर गेलो का बॉल यायच्या आधीच खाली आलो. हलक्या पायाची सवय नव्हती. लोक हासले. माहे कान गरम झाले. पन मंग रिंगखाली बॉल हातात आला, मागं त्यायचा सेंटर, त्याले कोनीतरी सांगून ठेवलं असन का हा डावीकूनच फिरते, तो डावीकडं जाऊन उभा. मी उजवा पाय रोवला अन उजवीकून वळलो. समोर कोनीच नव्हतं. रिंग तेवढी होती. मी बॉल टाकला नाही चाची, ठेवला, जशी कोनी वस्तू फळीवर ठेवते. त्या दिवशी आमी जिंकलो. दुसऱ्या मॅचीत हारलो, पन त्याहीत सर्वात जास्त पॉइंट माहे होते. आता पुढच्या महिन्यात बाहेरदेशी जाचं हाये, पानी ओलांडून. आईले अजून सांगतलं नाही, ती आत्तापासूनच मिरच्या ओवाळन.

हे सारं लिहून आपाले धाडावं असं मनात होतं. पन तिले मराठी वाचता येत नाही. ती कोन्या मास्तरकून वाचून घेईन, मास्तर चार लोकायत बोलन, अन उमरखेडची गोष्ट यवतमाळले याले एक एसटी पुरते. आईच्या कानावर हे जाऊ नये. त्या दिवशी निघताना आपानं माह्या पायाकडं पाहून इचारलं, अब तो खुश है ना, छूट गया? आई माह्या तोंडाकडं पाह्यत होती. मी हो म्हनून मान हलवली. चाची, मले तुह्यापासून सुटाचं नव्हतं. पाय तेवढा मोकळा पाह्यजे होता.